शूट संपलं, आता एडिट : गावाकडच्या शॉर्टफिल्मवाल्यांनो, या चुका टाळा

तालुक्याच्या कॉलेजातली पोरं आता फोनवर फार देखणं चित्रण करतात. तरी पडद्यावर फिल्म पडते, आणि बहुतेक वेळा ती आवाजामुळे पडते. म्हणून इथे आवाजावर जास्त लिहितो, बाकीचं थोडक्यात.

सगळ्यांचं फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो आणि गेलेला तपशील परत येत नाही. केबलनेच घ्या, नाइलाज असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. पेनड्राइव्ह रिकामा असूनही मोठी फाइल घेत नसेल तर तो बहुधा फॅट३२ फॉरमॅटचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतलं सगळं काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आणि दोन वेगळ्या घरांत दोन प्रती ठेवल्याशिवाय फोनमधलं काही पुसू नका.

लांब शॉटच्या सुरुवातीला ओठ आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज जुळतात, शेवटी सुटतात? फोन बऱ्याचदा फ्रेमरेट (एका सेकंदात किती चित्रं घ्यायची तो वेग) कमी-जास्त करत चित्रण करतो, त्याचा हा परिणाम. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून क्लिप आधी बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर ठेवा. ट्यूबलाइटखालच्या दृश्यात पट्टे सरकताना दिसत असतील तर मात्र एडिटमध्ये फारसं काही होत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवून तो शॉट परत घेतलेला बरा.

आता कूलर. एप्रिल-मेमध्ये घरातलं दृश्य घेताना एका शॉटला कूलर चालू, पुढच्याला बंद, असं सर्रास होतं. मग प्रत्येक कटला घरघर येते-जाते आणि कसलेल्या अभिनयाचाही विचका होतो. यावर पोरं नॉइज रिडक्शन, म्हणजे नको तो आवाज काढणारा इफेक्ट, शंभर टक्के लावतात. घरघर जाते, पण माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. थोडंच लावा. त्याच खोलीतली अर्धा-एक मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड करून सगळ्या कटांखाली सलग पसरवा. आणि मिक्सिंग करताना स्वतःच्या खोलीतला कूलर बंद ठेवा, नाहीतर संवादांची पातळी हमखास चुकते.

संवाद अगदीच खराब असेल तर डबिंग करा, पण शहरातला आवाज बसवू नका. वऱ्हाडी बोलणाऱ्या म्हातारीच्या तोंडी पुण्याची मराठी आली की फिल्म तिथेच मरते. तिलाच बोलवा, आणि शेतीचं वेळापत्रक पाहून बोलवा. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कुणी सापडत नाही, सापडू नये. घरात कापसाची गंजी असेल तर त्या खोलीसारखी डबिंगची जागा नाही, घुमारा कापसातच विरतो. अंगाला खाज सुटते, तेवढं सोसायचं. कापूस नसेल तर गोधड्या टांगा.

पण त्याआधी फिल्मचा कट, म्हणजे शॉटचा क्रम आणि लांबी, पक्का करा. कट हलता असताना पार्श्वसंगीत बसवलं की दर बदलाला सगळं पुन्हा सरकवावं लागतं. शेवटच्या आठवड्यात टीममध्ये भांडणं लागतात ती यावरूनच.

गाण्यांची चूक महागात पडते. जुनं भजन म्हणजे सगळ्यांचं, असं नसतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं धरली तर कायद्याने त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत राहतो. गाजलेल्या रेकॉर्डिंगचे हक्क आणखी वेगळे. त्यापेक्षा गावच्या भजनी मंडळाकडून तुकोबांचा अभंग गाऊन घ्या. शब्दांवर कुणाचा हक्क नाही. मंडळाची लेखी परवानगी मात्र घ्याच, आणि श्रेयनामावलीत सगळ्यांची नावं नीट द्या.

नावं आणि सबटायटल युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अगम्य होतो. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडा.

एक्सपोर्ट भारनियमनाची वेळ टाळून लावा. लांब फिल्म असेल तर तुकड्यांत काढा, म्हणजे वीज गेली तरी सगळं वाया जात नाही. तयार फाइल हेडफोनवर, साध्या फोनवर आणि जिथे दाखवणार त्या सभामंडपाच्या स्पीकरवर पूर्ण ऐका. स्पीकरवर संवाद समजत नसतील तर आधी संगीत खाली आणा.