परसातल्या कोंबड्या: उवा, गोचीड की जंत? आधी ओळखा, मग औषध आणा

तुरा फिका पडला, कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, अंडी कमी झाली, की आपलं निदान ठरलेलं असतं: जंत झालेत, औषध पाजा. कधी ते बरोबरही निघतं. पण रात्री रक्त पिणाऱ्या किड्यांनीही हीच लक्षणं दिसतात, आणि तिथे जंताच्या औषधावर घातलेले पैसे वाया जातात. तपासणीला फार काही लागत नाही. एक टॉर्च, पांढरा कागद आणि थोडा धीर पुरतो.

दिवसा: कोंबडीचं अंग

कोंबडी काखेत धरा आणि गुदद्वाराभोवतीची व पंखाखालची पिसं बाजूला करा. पिवळसर किडे भराभर पळताना दिसले तर त्या उवा. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके चिकटलेले असतात, त्या लिखा. ऊ सगळं आयुष्य कोंबडीवरच काढते, त्यामुळे इलाजही कोंबडीवरच करायचा. पशुवैद्यकाने दिलेली पावडर पिसांच्या मुळापर्यंत चोळा. लिखांवर तिचा परिणाम होत नाही, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा. आणि सगळ्याच कोंबड्यांना. एक राहिली तरी तिच्यावरून उवा परत पसरतात.

राखेच्या आंघोळीने उवा आटोक्यात राहतात हे खरं. पण एकदा भरमसाट झाल्या की राखेच्या भरवशावर बसू नये.

पाय पाहायला विसरू नका. खवले उचकटलेले आणि त्यांखाली पांढरट खरबरीत थर असेल तर ते खवल्याखाली पोखरणाऱ्या माइट या अगदी बारीक किड्याचं काम. पाय कोमट साबणपाण्यात भिजवा, मऊ ब्रशने हलकेच घासा, पुसून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. काही आठवडे हे करत राहावं लागतं. खवले ओढून काढू नका, रक्त येतं. रॉकेल लावायची जुनी पद्धत सोडून द्या, कातडी भाजते.

रात्री: खुराडं

खरी चोरी इथे सापडते. लाल माइट आणि कोंबडीची गोचीड दिवसा अंगावर सहसा दिसत नाहीत. त्या फटीत, कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या सांध्यात, अंडी घालायच्या जागेच्या गोणपाटाखाली दडून बसतात आणि अंधार पडला की बाहेर येतात. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कां-कू करायला लागल्या, तर संशय घ्याच.

अंधार पडून तास-दोन तास झाले की टॉर्च मारा आणि दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद फिरवा. लाल ओरखडे उमटले म्हणजे रक्त प्यायलेले माइट चिरडले गेले. गोचीड मोठी असते, चपटी, फटीत डोळ्यांनी दिसते. तिची बारीक पिल्लं मात्र काही दिवस कोंबडीच्या अंगाला, बहुधा पंखाखाली, चिकटून राहतात. गोचिडीमुळे कोंबड्यांना जिवाणूंचा जीवघेणा तापही होतो.

खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवलं की किडे उपाशी मरतील, असं अनेकांना वाटतं. मरत नाहीत. माइट कित्येक महिने उपाशी जगतो, गोचीड तर वर्षाहून जास्त.

तेव्हा कोंबड्या बाहेर काढा, जुनं तूस आणि गोणपाट जाळा, भिंती व दांड्या खरवडा, फटींत उकळतं पाणी ओता. वाळल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक लेबलवरच्या प्रमाणात मिसळून फटीफटीत फवारा. दाण्यापाण्याची भांडी आधी हलवा. पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. आठवड्याने पुन्हा फवारणी, मग फटी लिंपून बंद. कपाशीवर मारायचं औषध घरात उरलंय म्हणून ते मारू नका. कोंबडीही जाते आणि अंड्यांतून ते आपल्या पोटातही येऊ शकतं.

सकाळी: विष्ठा

दांडीखाली कागद पसरून ठेवा. भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसले तर पट्टकृमी. ते मुंग्या, भुंगेरे, माश्या खाऊन होतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांत नवल नाही. गोलजंत विष्ठेत क्वचितच दिसतात, त्यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात. ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. हे महत्त्वाचं, कारण पाइपराझिन हे जंताचं औषध फक्त मोठ्या गोलजंतांवर चालतं, पट्टकृमींवर नाही. मात्रा वजनावर ठरते, म्हणून एखादी कोंबडी पिशवीत घालून काट्यावर तोला.

३ ते ८ आठवड्यांची पिल्लं रक्ताळ हगत असतील तर जंताचं औषध देत बसू नका. ती कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची रक्ती हगवण, पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. अँप्रोलियम लगेच पाण्यातून सुरू करावं लागतं, त्या काळात बी जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद ठेवायचं आणि ओलं तूस काढून कोरडं टाकायचं.

मान वाकडी होणं, हिरवी हगवण, एकाच वेळी अनेक कोंबड्या मरणं हे परजीवींचं लक्षण नव्हे. राणीखेत किंवा बर्ड फ्लू असू शकतो. मेलेली कोंबडी घरी कापू नका, दवाखान्याला कळवा.

औषध घेतानाच अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घ्या. राणीखेतची लस द्यायची असेल तर जंतनाशक आठवडाभर आधी उरका. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस विष्ठा रोज गोळा करून कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकली तर त्याच कोंबड्या ती उकरायला जातात.