ओढ्यातल्या किड्यांवरून पाणी तपासताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या ओढ्यांवर जाळी घेतलेले विद्यार्थी आणि निसर्गप्रेमी दिसू लागतात. फार चांगली गोष्ट आहे. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी दाखवते. तळाशी महिनोन्‌महिने राहणारा किडा मात्र मागच्या आठवड्यात रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणीही भोगून बसलेला असतो. फक्त तो श्वास कसा घेतो हे आधी बघायला हवं. बहुतेकांची गफलत तिथेच होते.

पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या, पाणविंचू, डासांच्या अळ्या मोजायच्या आणि ओढा निरोगी ठरवायचा, ही सगळ्यात मोठी चूक. हे सगळे वरची हवा घेतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन अगदी कमी झाला तरी त्यांचं फारसं अडत नाही. बघायची ती मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या उडणाऱ्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लं, कारण ती पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच जगतात. खळाळातला दगड उचलून उलटा करा. त्याला चिकटलेलं चपटं, तीन शेपट्यांचं पिल्लू थोडं पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटलीत सोडा. पोटाच्या दोन्ही कडांना पातळ कल्ले फडफडताना दिसले, तर ती मेफ्लाय. दोनच शेपट्या दिसल्या म्हणून लगेच स्टोनफ्लाय लिहू नका, काही मेफ्लायनाही दोनच असतात. भिंगातून पाय बघा: मेफ्लायच्या पायाला एक नखी, स्टोनफ्लायच्या पायाला दोन.

नुसत्या संख्येवर जाऊ नका. गाळात लालभडक अळ्यांचा बुजबुजाट आणि बाकी कुणीच नाही, हे बहुधा सांडपाण्याचं लक्षण. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. किडे किती यापेक्षा किती प्रकारचे, हे महत्त्वाचं.

जाळीत काहीच आलं नाही? लगेच प्रदूषणाचा शिक्का मारू नका. जाळीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला होतं ना? तिच्यासमोरचे दगड पायाने नीट ढवळले का? नुसत्या डोहातच शोधलं असेल तर खळाळातही बघा. नुकताच पूर येऊन गेला असेल तर तळ धुऊन निघालेला असतो. काही आठवडे थांबून परत या.

कोणता किडा सापडला तर ओढ्याला किती गुण, हे सांगणारा ब्रिटनमधला गुणतक्ताही जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे स्टोनफ्लायचे प्रकार मुळातच कमी, त्यामुळे चांगला ओढाही नापास ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी बेतलेले जैविक निकष आहेत, ते वापरा.

आणि ऑक्सिजन मोजायचा तर तापमानही लिहा. 20 अंश सेल्सियसला पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. शिवाय शेवाळ माजलेल्या ओढ्यात दुपारचा आकडा झकास येतो, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं. रात्रभर तेच शेवाळ तो ओढून घेतं. म्हणून एक माप उजाडण्यापूर्वीचं घ्याच.