उदयपूरचं जुनं शहर एका दिवसात: क्रम असा लावा

उदयपूरच्या फेरीत चुकतो तो क्रम. सिटी पॅलेस, म्हणजे महाराणांचा महाल, पिछोला तळ्याच्या पूर्व काठावर आहे. समोरच्या काठावरून सकाळी बघायला गेलात तर ऊन महालामागून येतं आणि फोटोत नुसती काळी भिंत दिसते. म्हणून तो काठ संध्याकाळसाठी ठेवा.

सकाळी आधी जगदीश मंदिर. दुपारी दार बंद होतं. महाराणा जगतसिंह पहिले यांनी ते १६५१ साली बांधून घेतलं. बत्तीस पायऱ्या चढलात की समोर पितळी गरुड. बाहेरून फिरताना भिंतीवरचे हत्ती, घोडेस्वार आणि माणसांचे थर सावकाश बघा.

तिथून बडी पोळ, म्हणजे सिटी पॅलेसचा मोठा दरवाजा, चार पावलांवर. आत त्रिपोलिया या तीन कमानींच्या दरवाजाच्या अलीकडे संगमरवरी तोरणांची रांग आहे. इथे महाराणांची सोन्या-चांदीची तुला व्हायची, म्हणजे त्यांच्या वजनाइतकं सोनं-चांदी तोललं जायचं. महालातल्या संग्रहालयाला अडीच-तीन तास द्या. वाट एकेरी आहे, सुटलेल्या दालनाकडे परत फिरता येत नाही. जिने अरुंद, चौकटी बुटक्या. पाठीवर मोठी बॅग नको. वरच्या मजल्यावर अचानक मोठी झाडं लागतात, ती गच्चीतली नव्हेत. महाल टेकडीला वेढून बांधलाय, झाडं थेट टेकडीच्या माथ्यावर उभी आहेत.

दुपारी गणगौर घाटावरची बागोर की हवेली. ती बांधणारा दिवाण अमरचंद बडवा मराठी माणसाने लक्षात ठेवावा असा. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला तेव्हा शहर त्यानेच लढवलं. शेवटी तह झाला. ठरलेली सगळी रक्कम रोख देता येईना, म्हणून नीमच, जावदसारखे परगणे तारण गेले.

चारच्या सुमारास पादचारी पुलावरून पलीकडे अंबराई घाटावर जा. आता ऊन महालाच्या अंगावर असतं. थंडीत सूर्य सहाच्या आतच मावळतो, उशीर करू नका. हवेलीत सातला लोकनृत्याचा कार्यक्रम असतो. सुट्ट्यांत तिकिटाची रांग लांबते, तासभर आधी पोचा.

बोट घेताना आधी विचारा: जगमंदिरावर, म्हणजे तळ्यातल्या बेटावरच्या महालावर, उतरवणार का? पॅलेसच्या धक्क्यावरची उतरवते, बाकी घाटांवरच्या बहुधा नुसता फेरा मारतात. तळ्यातला दुसरा महाल, जगनिवास, आता हॉटेल आहे, बुकिंगशिवाय आत सोडत नाहीत. तळं पावसावर भरतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी मे-जूनमध्ये पाणी बरंच खाली जातं. भरलेलं पाहायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा.