इंग्लंडमध्ये दुकान आहे? मग बिझनेस रेट्सची सवलत मागून घ्या

इंग्लंडमध्ये छोटं दुकान, सलून, टिफिनचं किचन असं काही चालवत असाल तर बिझनेस रेट्सच्या, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या कराच्या, बिलात आधी रेटेबल व्हॅल्यू बघा, ते तुमचं खरं भाडं नाही, सरकारने काढलेला जागेच्या वर्षाच्या भाड्याचा अंदाज आहे आणि एप्रिल 2026 पासून तो नव्याने लागू झालाय, म्हणून जुना आकडा धरू नका. धंद्याची एकच जागा असेल आणि आकडा 12,000 पौंडांपर्यंत असेल तर पूर्ण माफी!! त्यापुढे 15,000 पर्यंत सवलत कमी होत जाते, 13,500 असेल तर निम्मं बिल. पण आपोआप मिळेल म्हणून थांबू नका, आपल्या कौन्सिलकडे स्मॉल बिझनेस रेट रिलीफसाठी अर्ज करा, हक्काचे पैसे असे सोडलेले बघून खरंच जीव तुटतो. मंजुरी येईपर्यंत मात्र बिल भरत राहा.