मे महिन्यात विमानाच्या पंखाला खरखर का येते?

"काय भो, रंग बिघडला का?" असं कोणी विचारलं की मी रंगाची कंपनी विचारत नाही, किती वाजता मारला ते विचारतो. आमच्या धरणगावात प्लास्टिकची मॉडेलं रंगवताना निम्मा घोळ रंगाचा नसतो, हवेचा असतो.

माझं १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, मिग-२१ लढाऊ विमान घ्या. खरी विमानं नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात बनायची, म्हणून आपल्याकडचंच वाटतं. मॉडेल मात्र वीतभर. मे महिन्यात दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या खोलीत एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या पेनाने, राखाडी ॲक्रिलिक रंग मारला. वाळल्यावर पंखावर बोट फिरवलं तर वॉटर पेपरसारखी खरखर. नोझलमधून निघालेला थेंब वाटेतच सुकला होता आणि पंखावर नुसती भुकटी बसली होती. त्यावर आणखी रंग चढवू नका, खरखर तशीच वर येते. पूर्ण वाळू द्या, २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा, मग पहाटे सहाला पुन्हा मारा. रंगात दोन-तीन थेंब रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव) टाका, एअरब्रश पाच-सात सेंटिमीटरवर आणा, हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवा. मारताना थर क्षणभर ओला चमकला पाहिजे.

पावसाळ्यात उलटं. मॅट वार्निश मारलं की पांढरी झाक येते. कूलर लावलेल्या खोलीतही तेच, कारण कूलर पाणीच फेकतो. घाबरू नका, कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वार्निशचा, पातळ हात मारला की बहुतेक वेळा ती झाक जाते. मॅट त्यानंतर.

दुसरा रंग मारताना झाकायला लावलेली टेप ओढताना रंगाचा पापुद्रा निघाला तर दोष न धुण्याचा. साच्याला लावलेलं तेल सुट्या भागांवर राहतं, वरून आपल्या बोटांचं तेल. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, प्रायमरचा (रंगाखालचा) हात द्या, टेप आधी तळहाताला दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करा. निघालेल्या जागेची कड घासून उतरती केल्याशिवाय नवा रंग लावलात तर पायरी दिसणारच.

विमानावरच्या खुणांच्या पाण्याने चिकटणाऱ्या स्टिकरखाली (डेकल) चंदेरी चकाकी म्हणजे अडकलेली हवा. सुईने टोचून डेकल सॉफ्टनर, म्हणजे स्टिकर मऊ करणारं द्रव, सोडा. पुढच्या वेळी स्टिकरआधी ग्लॉस.

रंग काढायचाच झाला तर ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्या तुकड्यावर लावून बघून. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर नको. मी एकदा वापरलं आणि विमानाचं नाक उन्हातल्या गुळासारखं बसलं.

राहिली कापसाची तूस. आमच्या मागेच जिनिंग आहे. दिवाळीनंतर ओल्या वार्निशवर तूस बसलीच समजा. ओलं असताना चिमट्याने उचलायला जाऊ नका, वाळल्यावर घासून काढा. मी फवारा संपला की लगेच मॉडेलवर मोठा डबा उपडा घालतो. तो आईचा पापडाचा डबा आहे, आणि तिला तो हवा असतो नेमका त्याच दिवशी.