१० लिटरच्या पातेल्यात बिअरचा मॅश थंड पडतो: माझा अनुभव

मी लीड्सला राहतो. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. अडचण अशी: २ किलो पेल मॉल्टपासून (मोड आणून वाळवलेले फिकट जव) ८ लिटर वर्ट (आंबवण्याआधीचं गोड पाणी), पण हायड्रोमीटर (घनतेवरून साखर दाखवणारं उपकरण) १.०३४ च्या वर जाईना. मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला मॉल्ट, अर्ध्या तासात ६७ अंशांवरून ६० वर यायचा. टॉवेल गुंडाळले, मॉल्ट वाढवला. शेगडी पुन्हा लावली, तर तळ तापून स्टार्चची साखर करणारे एन्झाइम मरायचे. चार बॅच वाया गेल्या, फार जीव तुटला.

शेवटी जमलं ते असं. ओव्हन ७० अंशांवर तापवून बंद केला. ७ लिटर पाणी ७३ अंशांवर आणून पातेलं शेगडीवरून उतरवलं, आत कापडी पिशवी लावली. मॉल्ट मूठमूठ घालत ढवळला. इथे घाई करू नका. पूर्वी गुठळी फोडली की आत कोरडं पीठ निघायचं! ६७ अंश दिसताच झाकण लावून तासभर ओव्हनमध्ये. नंतर पिशवी दुसऱ्या पातेल्यातल्या ५ लिटर, ७५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून पिळली. दोन्ही पातेली तासभर उकळली, मग वर्ट एकत्र केला.

८ लिटर, १.०५०.