व्यसनविरोधी जाहिरात आणि मेंदू : या वाटेला येणाऱ्यांसाठी

व्यसनविरोधी जाहिरात परिणामकारक आहे का, हे बघणाऱ्याला नुसतं विचारून कळत नाही. मानसशास्त्रात एमए करताना हे पहिल्यांदा आकड्यांत पाहिलं आणि मी या विषयाकडे वळले. मानसशास्त्र, पत्रकारिता किंवा जीवशास्त्रातून जे इकडे यायचं म्हणताय, त्यांनी २०१२ च्या एका अभ्यासापासून सुरुवात करावी. संशोधक एमिली फॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत सिगारेट सोडू पाहणाऱ्या लोकांना व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनच्या तीन जाहिरात-मोहिमा एफएमआरआय स्कॅनरमध्ये, म्हणजे मेंदूतल्या रक्तप्रवाहातल्या बदलावरून त्याची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात, दाखवल्या. विचारल्यावर त्यांचं मत पडलं ते असं : 'ब' सर्वांत चांगली, मग 'अ', आणि 'क' शेवटची. कपाळामागच्या मधल्या भागाने, म्हणजे मेडिअल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सने, मात्र सर्वाधिक प्रतिसाद 'क'ला दिला होता. आणि प्रत्यक्षात हेल्पलाइनचे फोन सर्वांत जास्त वाढले तेही 'क'नंतरच.

हे वाचून अंगावर काटा येतो, हे मी समजू शकते. पण इथेच नवी मुलं घाई करतात. हा भाग माणूस एखादी गोष्ट स्वतःशी जोडून पाहतो तेव्हा सक्रिय होतो, हे खरं. तो इतर कितीतरी कामांतही सक्रिय होतो. त्यामुळे 'हा भाग उजळला, म्हणजे जाहिरात मनाला भिडली' असं उलट्या दिशेने म्हणता येत नाही. फॉक यांच्या अभ्यासाचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांनी मेंदूचे आकडे बाहेरच्या जगातल्या वागण्याशी, फोनच्या संख्येशी, ताडून पाहिले. तुमच्या प्रकल्पात असं बाहेरचं मोजमाप नसेल तर स्कॅनरवर पैसे खर्च करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर हा प्रश्न फार जड आहे. तव्यावर अंडं फोडून 'ड्रग्ज घेतल्यावर तुमच्या मेंदूचं असं होतं' असं सांगणारी १९८७ ची अमेरिकन जाहिरात गाजली. पुढे १९९८ ते २००४ मध्ये तिथल्या सरकारने तरुणांसाठीच्या मोहिमेवर जवळपास एक अब्ज डॉलर खर्च केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात त्यामुळे मुलं गांजापासून दूर राहिल्याचं दिसलं नाही. उलट, जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांमध्ये 'बाकीचे सगळे ओढतातच' हा समज बळावल्याच्या खुणा सापडल्या.

असं का होतं, यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या रेने वेबर यांच्या गटाने २०१५ मध्ये काम मांडलं. ज्यांना व्यसनाचा धोका जास्त, ते जाहिरात बघताना मनातल्या मनात तिच्याशी भांडतात. मुद्दा कितीही सबळ असो, ती त्यांना पटत नाही. अशा लोकांनी दिलेल्या गुणांवरून जाहिरातीच्या परिणामाचा अंदाज बांधता येत नव्हता. त्यांच्या मेंदूतला प्रतिसाद हिशेबात धरल्यावर मात्र दुसऱ्याच प्रेक्षकांवरच्या परिणामाचा अंदाज सुधारला. मला या विषयातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण जाहिरात ज्याच्यासाठी बनवली त्याचंच मत आपल्याला वाचता येत नाही.

हे मी जवळून पाहिलं आहे. प्रकल्पाच्या आधी आम्ही रिक्षास्टँडवरच्या काही जणांना तंबाखूविरोधी जाहिराती दाखवून एक ते पाच गुण द्यायला सांगत होतो. एक काका तळहातावर तंबाखू-चुना मळत मळत बघत होते. जबड्याचं ऑपरेशन दाखवणाऱ्या जाहिरातीला त्यांनी पाच दिले, 'एकदम बरोबर दाखवलंय ताई' म्हणाले, चिमूट ओठाखाली ठेवली आणि पुढे म्हणाले, 'पण आमचे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते.' कागदावर पाच, आणि तोंडात प्रतिवाद. असं वाक्य कानावर पडलं की लगेच वहीत टिपा. पुढे प्रश्नावली बनवताना त्याचा उपयोग होतो.

भडक, वेगवान जाहिरातीचा मोह तुम्हालाही होईल. पण संशोधक लँगलबेन यांच्या २००९ च्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांना साध्या मांडणीच्या जाहिराती जास्त लक्षात राहिल्या, आणि त्या बघताना मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागांत हालचाल अधिक होती. झगमगाटाने मुख्यतः मागचा, दृष्टीचा भाग कामाला लागला.

आता रोजच्या कामाविषयी. आपल्याकडे स्कॅनर बहुतेक वेळा रुग्णांचा असतो. संशोधनाला वेळ मिळते ती संध्याकाळी उशिरा. सहभागी व्यक्तीच्या अंगावरचं मंगळसूत्र, जोडवी, चाव्या, सगळं काढून ठेवायला लावणं, बंद जागेची भीती वाटते का हे आधीच विचारणं, आत प्रचंड आवाज येईल हे सांगणं ही तुमची जबाबदारी. डोकं जरा जास्त हललं तरी तो डेटा वाया जाऊ शकतो. रक्तप्रवाहातला बदल शिखर गाठायला पाच-सहा सेकंद घेतो, म्हणून तीस सेकंदांच्या जाहिरातीतल्या नेमक्या कोणत्या दृश्याने काय केलं हे सांगणं अवघड जातं. त्यासाठी ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपणं, बरं, आणि स्वस्तही.

संमतीपत्र मराठीत लिहायला शिका, सहभागी माणसाला वाचून कळेल असं. व्यसनाची माहिती ही माणसाची इभ्रत असते. ती घरी किंवा कामावर कळली तर त्याचं नुकसान होतं. नैतिकता समितीची मंजुरी मिळायला काही महिने जाऊ शकतात, ते वेळापत्रकात धरा. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, मुलाचा स्वतःचा होकारही घ्या.

शिकायचं म्हणाल तर संख्याशास्त्र आधी, मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर जगभरातले स्कॅन मोफत आहेत आणि नायलर्न या पायथनमधल्या साधनाच्या पाठांवरून शिकून ते घरबसल्या तपासता येतात. स्वतःचा स्कॅनर नसणं ही अडचण राहिलेली नाही. मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून त्याच्या मेंदूत 'हालचाल' दाखवणारं २००९ चं पोस्टर जरूर शोधा. हजारो संख्याशास्त्रीय चाचण्या एकदम करून त्यात योगायोगाने येणाऱ्या चुकांची दुरुस्ती केली नाही तर काय निघतं, ते त्यात दिसतं.

हैदराबाद आणि अलाहाबाद विद्यापीठ, आयआयटी गांधीनगर, बंगळुरूची मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची संस्था निम्हान्स या ठिकाणी संज्ञानविज्ञान (विचार, स्मरण, लक्ष यांचा अभ्यास) किंवा मेंदूविज्ञानाचं काम चालतं. अर्जाच्या पत्रात 'मला मेंदूची आवड आहे' एवढंच लिहू नका. ज्या मार्गदर्शकाकडे अर्ज करताय त्याचा एक शोधनिबंध नीट वाचा, त्यातला न सुटलेला प्रश्न चार ओळींत मांडा, आणि तुमच्या गावात मिश्री लावणाऱ्या किंवा मावा खाणाऱ्या माणसांवर तो कसा तपासता येईल ते लिहा.